शिष्य कोणाला म्हणावं?

नांदेडच्या माणसाला 'शिष्य' हा शब्द शब्दकोशात शोधावा लागत नाही. गोदावरीकाठी सचखंड हुजूर साहिब आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी इथं देह ठेवला आणि आपल्यामागं ग्रंथसाहिबालाच गुरू मानावं, असं सांगून ठेवलं. 'शीख' हा शब्द मुळात 'शिष्य' या शब्दातून आलेला. एका सबंध समाजानं आपलं नावच शिष्य असं ठेवून घेतलं! कंधारला हाजी सय्याह यांचा दर्गा आहे, लातूरला सुरत शहावली यांचा. तिथं येणारा भाविक स्वतःला मुरीद म्हणवतो. मुरीद म्हणजे तरी काय, शिष्यच. आणि आषाढीला याच दोन जिल्ह्यांतून पंढरीला निघणारा वारकरी गळ्यातल्या तुळशीच्या माळेनं आपण कुणाचे, हे सांगत असतो.

शीख, मुरीद, माळकरी. शब्द तीन, पण प्रश्न एकच. एखाद्याचा शिष्य झालो, म्हणजे आपण नेमकं काय झालो? नाव बदललं, वेश बदलला, गळ्यात काही बांधलं, हातात काही घातलं, म्हणजे माणूस शिष्य होतो का? की त्याच्या रोजच्या वागण्यात काही बदलावं लागतं?

हा प्रश्न ख्रिस्ती धर्मानं फार कसोशीनं विचारला आहे. आपल्या मराठी मुलखात एका कवीनं आणि त्याच्या पत्नीनं स्वतःचा संसार पणाला लावून त्याचं उत्तर शोधलं. ते कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

एक मुसलमान हे का सांगतो आहे, असं कुणाच्या मनात येईल. त्याचं उत्तर सोपं आहे. हजरत ईसा यांना आम्ही पैगंबर मानतो. ख्रिस्ती बांधव त्यांना देवाचा पुत्र मानतात. हा फरक लहान नाही आणि तो झाकायचंही कारण नाही. पण ईसांच्या शिष्यांचा उल्लेख कुराणातही आहे. त्यांना तिथं 'हवारी' म्हटलं आहे. ईसांनी विचारलं की, अल्लाहच्या वाटेवर माझा मदतनीस कोण होतो, तेव्हा जे पुढं आले ते हवारी. या व्याख्येत नुसतं 'मानणारा' बसत नाही. 'मदतीला उभा राहणारा' हाच शिष्य.

ख्रिस्ती शिकवणीत या शिष्यपणाचा पाया कुठं आहे, असं विचारलं तर बोट 'डोंगरावरील प्रवचना'कडं जातं. नव्या करारातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात पाच ते सात असे तीन अध्याय आहेत. ते वाचायला तास पुरतो. आचरायला जन्म पुरत नाही. त्यात काय सांगितलं आहे? दान करा, पण गाजावाजा नको. प्रार्थना करा, पण चौकात उभं राहून लोकांना दाखवण्यासाठी नको, दार लावून करा. उपवास कराल तर चेहरा उतरवून फिरू नका. वैऱ्यावरही प्रेम करा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढण्याआधी आपल्या डोळ्यातलं मुसळ बघा. आणि शेवटी इशारा येतो, की मला 'प्रभू, प्रभू' म्हणणारा प्रत्येक जण माझा नव्हे, देवाच्या इच्छेप्रमाणं वागणारा माझा.

प्रवचनाच्या शेवटी दोन घरांचा दाखला आहे. एक खडकावर बांधलेलं, दुसरं वाळूवर. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पूर येतो तेव्हा फरक कळतो. आपल्या लातूरकरांना हा दाखला वेगळा समजवावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला आणि आसपासच्या गावांत काय झालं, ते आपण पाहिलं आहे. भिंती दगडाच्याच होत्या, चांगल्या रुंद होत्या. पण दगडादगडांमध्ये नुसता मातीचा गिलावा होता. धरणी हलली आणि आतल्या मातीनं दगडाची साथ सोडली. हजारो माणसं आपल्याच घराच्या भिंतींखाली गेली. त्या बिचाऱ्यांचा यात काहीच दोष नव्हता, ती गरिबीची घरं होती. पण धर्माच्या बाबतीत मात्र आपण जाणूनबुजून असं बांधकाम करतो. दर्शनी भागाला दगड लावतो आणि आत काय भरलंय, ते कुणी पाहत नाही म्हणून आपणही पाहत नाही. आमच्याकडं याला 'नियत' असा शब्द आहे. कर्माचं मोल नियतीवर नव्हे, नियतेवर ठरतं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवतात. शिकवतात सगळेच, अडचण पुढं असते.

ही शिकवण मराठीत आली त्यालाही चारशे वर्षं उलटून गेली. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला, इथली भाषा शिकला आणि १६१६ साली त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं. येशूचं चरित्र, पण मराठी ओवीत! त्याच शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' लिहीत होते, तेही ओवीतच. ओवीनं या दोघांपैकी कुणालाही जात-धर्म विचारला नाही. हे मराठीचं मोठेपण आहे आणि माझ्यासारख्याला ते रोज उपयोगी पडतं.

आपल्या मराठवाड्याचाही या इतिहासात एक धडा आहे. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचं प्रकरण तर कोर्टात गेलं. कोर्टानं मुलाला वडिलांच्या ताब्यात दिलं आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावं की नाही, यावर मुंबईत रान उठलं. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूनं उभे राहिले. पुढं १८६० च्या दशकात नारायण शेषाद्री निजामाच्या राज्यात, जालन्याला आले. जालन्याजवळ त्यांनी 'बेथेल' नावाची वस्ती वसवली. त्यासाठी जमीन दिली ती हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी. क्षणभर हे चित्र डोळ्यांपुढं आणा. दिवाण मुसलमान, पुढारी ब्राह्मण कुळातला ख्रिस्ती आणि वस्तीत राहायला आलेली माणसं मुख्यतः गावकुसाबाहेरची, मांग समाजातली. ज्यांची सावलीही नको होती, त्यांच्या शेजारी घर करून राहणं, हा शिष्यपणाचा दाखला नाही तर काय?

आता टिळकांकडं येऊ. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन घराणं, संस्कृतचा व्यासंग, वाणी गोड, कविता हातातली आणि एका जागी पाय न ठरणारा स्वभाव. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. दोघांच्या काव्यावर, धर्मावर गप्पा झाल्या. उतरताना त्या गृहस्थानं नव्या कराराची प्रत त्यांच्या हातात ठेवली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. तो कोण होता, हे टिळकांना पुढं कधीच कळलं नाही. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं आणि डोंगरावरील प्रवचनाशी येऊन थबकले. ती पानं त्यांना सोडवेनात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथवरची गोष्ट धर्मांतराच्या कुठल्याही पुस्तकात शोभेल. माझं लक्ष जातं ते घराकडं. कारण या निर्णयाची किंमत पहिल्यांदा मोजली ती टिळकांनी नव्हे, लक्ष्मीबाईंनी. लहानग्या दत्तूला घेऊन ती बाई नातेवाइकांच्या आश्रयाला राहिली. नवरा जिवंत, कुंकू कपाळावर आणि तरी संसार मोडलेला. त्या काळात बायकोनं काय करायचं? तिला कुणी विचारलं नव्हतं. समाजानं तिच्या नवऱ्याला बाहेर काढलं आणि तिला आत ठेवून घेतलं. आत राहणंही सोपं नव्हतं. येणारा-जाणारा प्रत्येक जण सहानुभूतीच्या नावाखाली जखमेवरची खपली काढून जायचा. अशी चार-पाच वर्षं गेली.

सत्याची वाट धरताना घरच्या माणसाला जी ठेच लागते, तिचा हिशेब कुणी ठेवायचा? हा प्रश्न फक्त ख्रिस्ती धर्मातला नाही. आपल्याकडचे संत, पुढारी, समाजसुधारक, स्वातंत्र्यसैनिक यांच्या घरी जाऊन विचारा. मोठ्या माणसाच्या त्यागाची गाणी होतात आणि त्याच्या बायकोनं काढलेल्या दिवसांचा कुठं उल्लेखही नसतो. टिळकांच्या बाबतीत एवढं म्हणता येतं, की त्यांनी लक्ष्मीबाईंचा नाद सोडला नाही आणि तुझा धर्मही बदल, अशी सक्तीही केली नाही. पुढं दोघं अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पुन्हा एकत्र आली, तेव्हा सुरुवातीला लक्ष्मीबाईंचं सोवळंओवळं चालूच होतं. नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यातली. एकाच संसारात दोन चुली!

आणि इथं या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी घटना घडली. ती कुठल्या चर्चमध्ये घडली नाही, बाईच्या मनात घडली. विटाळ, सोवळं, ही वरची जात, ती खालची, हे सारं देवानं केलेलं नाही, माणसानं केलेलं आहे, असा विचार लक्ष्मीबाईंच्या मनानं घेतला. त्या राहुरीला असताना हा पालट झाला. विचार पटला, की त्यांनी तो लगेच स्वयंपाकघरात आणला. कुणाच्याही हातचं चालेल, असं ठरवलं. बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो त्यानंतर, १९०० साली. आधी वागणं बदललं, मग नाव बदललं. बहुतेकांचं उलट होतं. नाव लवकर बदलतं आणि वागणं तसंच राहून जातं.

मग पुढची वर्षं पाहा. टिळक पतिपत्नींच्या घरात अनाथ, निराधार मुलं येत राहिली आणि घरचीच होऊन राहिली. टिळक दानशूर. हातात पैसा आला, की तो वाटून मोकळे. संध्याकाळी चूल कशी पेटायची, हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा. प्लेगची साथ आली, सख्खी माणसं सख्ख्यांना टाकून पळू लागली, तेव्हा लक्ष्मीबाई रोग्यांच्या सेवेला उभ्या राहिल्या. 'मदतीला उभा राहणारा तो शिष्य' या कसोटीवर या बाईंना तपासून पाहा. प्रवचनं टिळक करत होते. त्या प्रवचनांचा अर्थ घरातल्या डब्यात पीठ नसताना लक्ष्मीबाई लावत होत्या.

टिळकांचं काम काही लहान नव्हतं. ते १९०४ साली पाळक झाले. १८४२ पासून निघणाऱ्या 'ज्ञानोदय' या पत्राच्या मराठी विभागाचं संपादन त्यांनी पुढं केलं. ख्रिस्ती उपासनेत तोवर साहेबी चालींची भाषांतरित गीतं चालत. टिळकांनी तिथं अभंग, भजन आणि कीर्तन आणलं. आपण ख्रिस्तापर्यंत तुकोबांच्या पुलावरून आलो, असं ते मानत. तरुण बालकवी त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. त्या मुलाला ख्रिस्ती करण्याची घाई टिळकांना झाली नाही. कविता वाढली पाहिजे, एवढीच काळजी. मी स्वतः कविता लिहिणारा असल्यामुळं मला हे फार मोठं वाटतं. ज्याच्या घरात जेवतो त्याच्या धर्माचं ओझं ज्याला वाटत नाही, तो पाहुणा भाग्यवान आणि यजमान त्याहून भाग्यवान.

१९१७ साली, वयाच्या पंचावन्न-छप्पन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनचा राजीनामा दिला. या वयात माणूस पेन्शनचा विचार करतो. टिळकांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. नाव पाहा. दरबार हा फारसी शब्द. आपल्या नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातही हा शब्द कानी पडतो आणि दर्ग्यातही. या दरबाराची कल्पना अशी, की बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्ताच्या वाटेनं चालू इच्छिणारे सगळे शिष्य इथं भाऊ-भाऊ म्हणून एकत्र येतील. म्हणजे ज्या विधीसाठी टिळकांनी स्वतः जात, घर, मान, सगळं गमावलं होतं, तो विधी न केलेल्यालाही त्यांनी 'शिष्य' म्हणायची तयारी दाखवली. याला काळीज लागतं. आपण ज्याची जबर किंमत मोजली, ते दुसऱ्याला फुकट मिळू नये, असंच माणसाला वाटत असतं. टिळकांना तसं वाटलं नाही.

ही कल्पना चर्चमधल्या अनेकांना पटणारी नव्हती आणि त्यांची शंकाही अगदीच बिनबुडाची नव्हती. बाप्तिस्म्याची जोखीम न उचलता नुसतं 'मी शिष्य' म्हणणं सोपं आहे. वाळवंटात पाऊल न टाकता हाजी म्हणवून घेण्यासारखंच ते. विधी म्हणजे जाहीर कबुली असते. कबुलीशिवायची निष्ठा किती खरी, हा प्रश्न राहतोच. पण त्याच तराजूच्या दुसऱ्या पारड्यात हाही प्रश्न ठेवावा लागेल, की निष्ठेशिवायची कबुली किती खरी?

माझ्या लहानपणी उदगीर भागातले लोक मोठं आजारपण आलं, की बीदरच्या मिशन दवाखान्यात जात. माझ्या नानीमाँला साखरेचा आजार होता. पायाची जखम चिघळली, तेव्हा तिला तिथं नेलं होतं. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. जखमेला इतका वास यायचा, की घरची माणसंही नाकाला पदर लावत. तिथली एक सिस्टर रोज खाली बसून, पाय मांडीवर घेऊन ती जखम धुवायची. तिनं नानीमाँला धर्माचा एक शब्द सांगितला नाही. भिंतीवर येशूची तसबीर होती, तेवढीच. घरी परत आल्यावर नानीमाँ शेजारणींना सांगायची, "नमाज नईं पढती बाई वो, फिर बी इबादत करती." माझ्या नानीमाँची पाच वेळची नमाज कधी चुकली नाही आणि तिच्या ईमानालाही त्या सिस्टरमुळं कुठं धक्का लागला नाही. तिला फक्त एक माणूस नीट दिसला.

मराठीत लिहायला लागलो तेव्हा मला दोन्हीकडून विचारणा झाली. घरची दखनी, शाळेत मराठी. आपल्यातले म्हणायचे, उर्दू सोडून हे काय? बाहेरचे कौतुकानं म्हणायचे, मुसलमान असून किती छान मराठी! त्या 'असून'मध्ये सगळं आलं. टिळकांनाही असंच झालं असेल. ख्रिस्ती असून अभंग? पण मराठी ही कुणा एकाच्या शिष्यांची भाषा नाही. ज्ञानदेवांच्या ओवीत स्टीफन्सचा येशू बसतो, शेख महंमदांचा योग बसतो आणि तुकोबांच्या अभंगात टिळकांची प्रार्थना बसते. कुणाचीही निष्ठा त्यामुळं पातळ होत नाही.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचं दहन झालं. 'देवाचा दरबार' त्यांच्यामागं टिकला नाही. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी अर्धवट सोडलेलं. ते पुढं नेलं कुणी? जिला लग्नानंतर टिळकांनी अक्षरं गिरवायला शिकवली, त्या लक्ष्मीबाईंनी. मग १९३४ ते १९३६ या काळात 'स्मृतिचित्रे' चार भागांत प्रसिद्ध झालं. मराठीत आत्मचरित्रं पुष्कळ आहेत, पण असं निर्मळ पुस्तक विरळा. नवरा मोठा कवी, संत म्हणून गौरवलेला. तरी त्याचा संताप, विसरभोळेपणा, उधळेपणा, सगळं या बाईनं हसत हसत सांगून टाकलं. स्वतःचा हट्ट, स्वतःची भीतीही लपवली नाही. प्रेम कुठं कमी नाही आणि खोटं कुठं नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या.

डोंगरावरील प्रवचनात सांगितलं आहे, की तुमचं 'हो' म्हणजे हो असावं आणि 'नाही' म्हणजे नाही. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला या शिकवणीचा अर्थ लागला. खरं बोलणं, आपल्या माणसाविषयीही खरं बोलणं आणि तरीही त्याच्यावरची माया तसूभर कमी होऊ न देणं, हे कुठल्याही धर्मातल्या शिष्याला जमलं पाहिजे. लातूर-नांदेडच्या ग्रंथालयांत हे पुस्तक सहज मिळेल. घरात मोठ्यानं वाचावं असं आहे. लक्ष्मीबाईंनी ते ख्रिस्ती वाचकांसाठी, हिंदू वाचकांसाठी असं वेगळं लिहिलेलं नाही. सांगणारीचं मन स्वच्छ असलं, की ऐकणाऱ्याचा धर्म तिला विचारावा लागत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)